गोटी सोड्याची कुळकथा

जोसेफ प्रीस्टली हे धर्मोपदेशक १७६७ साली इंग्लंडमधल्या लीड्सला राहायला आले, तेव्हा त्यांच्या शेजारी बिअरचा कारखाना होता. तिथल्या आंबणाऱ्या पिंपांवर एका वायूचा थर साचलेला असे. हवेपेक्षा जड असल्याने तो तिथेच रेंगाळे आणि त्यात धरलेली मेणबत्ती विझे. प्रीस्टलींनी त्या थरात पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वरचेवर ओतून पाहिलं, तर पाण्याला चुरचुरीत आंबूस चव आली. तो वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. हवेत त्याचं प्रमाण जेमतेम ०.०४ टक्के, पण पाण्यात तो चांगलाच विरघळतो. १७७२ मध्ये प्रीस्टलींनी असं पाणी बनवण्याची कृती छापली. स्कर्व्हीवर ते गुणकारी ठरेल ही त्यांची आशा फोल ठरली, पण चव लोकांना आवडली. १७८३ मध्ये जिनिव्हात जेकब श्वेप यांनी अशा पाण्याचा धंदाच सुरू केला.

खरी अडचण पुढेच होती. नेहमीच्या हवेच्या दाबाला एक लिटर गार पाण्यात साधारण एक लिटरभर वायू मावतो. दाब वाढवावा तसा तो अधिक मावतो, आणि दाब सुटला की निघून जातो. बाटलीचं बूच वाळून आकसलं की सोडा मिळमिळीत होई. म्हणून एके काळी तळाशी निमुळत्या, अंड्याच्या आकाराच्या बाटल्या निघाल्या. त्या उभ्या राहतच नसत. आडव्या ठेवाव्या लागल्यामुळे बूच आपोआप ओलं राही.

१८७२ मध्ये हायरम कॉड या इंग्रज माणसाने बूचच काढून टाकलं. त्याने बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी ठेवली आणि तोंडाशी आतून रबराची चकती बसवली. बाटली उलटी धरून भरायची. सरळ करताना आतला वायू गोटीला वर रेटून चकतीवर घट्ट दाबून धरतो. पळायला टपलेल्या कैद्यालाच दाराला पाठ लावून बसवावं, तशी ही युक्ती. बोटाने किंवा लाकडी खुंटीने गोटी आत दाबली की फट्‌कन आवाज होतो आणि वायू सुटतो. गळ्याला पाडलेल्या खाचेत गोटी अडकते, त्यामुळे ओतताना ती पुन्हा तोंडाशी येत नाही.

१८९२ मध्ये अमेरिकेत विल्यम पेंटर यांनी दातेरी पत्र्याचं झाकण (बिल्ला) काढलं. त्याला लागणारी बाटली साधी आणि धुवायलाही सोपी. कॉडच्या जाड, जड बाटलीचे दिवस इंग्लंडात सरले. जपानमध्ये मात्र ती ‘रामुने’ या पेयामुळे टिकली आणि आपल्याकडे सोड्याच्या गाड्यांवर. बिल्ला एकदा उघडला की वाया जातो आणि प्रत्येक बाटलीला नवा विकत घ्यावा लागतो. गोटी बाटलीतच राहते. गिऱ्हाईक जिथे गाडीपाशी उभं राहून सोडा पितं आणि रिकामी बाटली तिथेच ठेवून जातं, तिथे गोटीचा हिशेब आजही बसतो.