अक्षरांचे आदेश

हजार पानांतील एक अक्षर काढून त्या जागीं दुसरें बसविण्यास आज संगणकावर एका ओळीची आज्ञा पुरते. या सोयीचा उगम छापखान्यांत नाहीं, मेंदूच्या अभ्यासांत आहे. १९४३ सालीं मॅककलक व पिट्स यांनीं मज्जापेशींच्या जाळ्याचें गणिती चित्र रेखाटलें. असें जाळें कोणकोणते घटनाक्रम ओळखूं शकेल, हा प्रश्न स्टीफन क्लेनी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञांनीं १९५१ मध्यें हातीं घेतला आणि त्या क्रमांसाठीं एक चिन्हभाषा रचली. तिच्यांतील तारका 'हें कितीही वेळां येवो अथवा मुळींच न येवो' एवढेंच सांगते. हा निबंध १९५६ सालीं छापून आला. पुढें १९६८ मध्यें बेल प्रयोगशाळेंतील केन टॉम्पसन यांनीं तीच भाषा मजकुरांतील शब्द शोधण्याच्या कामीं लाविली. शोधावयाचा आकृतिबंध आधीं आणि त्याच्या जागीं बसणारीं अक्षरें मागून, अशी आज्ञा त्यांच्या 'एड' या साधनांत देतां येई. 'रेग्युलर एक्स्प्रेशन' तें हेंच.

संस्कृत व्याकरण शिकलेल्यास यांत फारसें नवल वाटूं नये. स्थानी आणि आदेश हे शब्द आपल्याकडे केव्हांचे रुळलेले आहेत.

मराठींत मात्र या साधनाची कसोटी लागते. १९६२ च्या लेखननियमांनीं अनुच्चारित अनुस्वारांस रजा दिली. जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ति काढतांना ते यंत्राकडून पुसून घेण्याचा मोह सहज होतो. सरसकट पुसावे, तर 'आंबा' याचा 'आबा' होतो! शब्दान्तींचेच पुसावे, तर 'नाहीं' आणि 'तें' सुधारतात, पण 'स्वयं' आणि 'एवं' बिघडतात. शेवटच्या 'त'च्या मागचा पुसावा, तर 'शांत' मनुष्य 'शात' होऊन बसतो. हे अपवाद याद्या करून टाळतां येतील. खरी अडचण 'घरांत' यासारख्या साध्या शब्दाची आहे. जुन्या लेखनांत तो एका घरासही चाले व अनेकांसही. नव्या नियमांत अनुस्वार राखावयाचा तो केवळ अनेकवचनीं. लेखकाच्या मनांत घर एक होतें कीं अनेक, हें वाक्याचा अर्थ लागल्यावांचून ठरत नाहीं, आणि आकृतिबंध पाहतो तो अक्षरांचा क्रम. म्हणून अशीं स्थळें यंत्राकडून नुसतीं दाखवून घ्यावीं. अनुस्वार ठेवणें वा काढणें संपादकानें पान वाचून करावें. त्यांत महिने जातात, आणि ते गेलेले बरे.