धीर आणि प्रतीक्षा : सोलापूरच्या ज्वारीच्या रानातील शिकवण

प्रभूच्या आगमनाची वाट पाहणाऱ्या श्रद्धावंतांपुढे संत याकोब आपल्या पत्रात (५:७-८) शेतकऱ्याचे उदाहरण ठेवतात. हा शेतकरी भूमीच्या मोलाच्या पिकासाठी धीर धरतो आणि पहिल्या व शेवटच्या पावसाची वाट पाहतो. पॅलेस्टाईनमध्ये पहिला पाऊस पेरणीच्या सुमारास, तर शेवटचा पाऊस कापणीपूर्वी पडतो. त्यामुळे तेथील शेतकऱ्याचे डोळे आकाशाकडे लागलेले असतात.

पुणे धर्मप्रांतातील सोलापूर जिल्ह्यात ही प्रतीक्षा निराळी आहे. येथे वर्षाला सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये येतो. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरत असताना पेरली जाते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येते. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी याच रीतीने पिकते. मधल्या काळात पावसाची फारशी आशा नसते. काळ्या जमिनीने पोटात साठविलेल्या ओलीवरच पीक वाढते.

म्हणून येथील शेतकरी धीर धरतो, परंतु हातावर हात ठेवून बसत नाही. जमीन वाळू लागली की तिला भेगा पडतात व त्यांतून ओल उडून जाते. पेरणीनंतर साधारण तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात तो कोळपणी करतो. तण निघते, भेगा बुजतात, ओल टिकते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी म्हणतात ते यामुळेच.

आपल्यापैकी कोणी नोकरीची, कोणी अपत्याची, कोणी आजारातून उठण्याची वाट पाहत आहे. प्रार्थना करूनही आकाश कोरडेच दिसते. अशा वेळी बाप्तिस्म्यापासून आपल्या अंतःकरणात मुरलेल्या कृपेचे आपण स्मरण करावे. कटुता आणि इतरांशी तुलना या भेगा आहेत. रोजची प्रार्थना, पवित्र मिस्सा, पापनिवेदन व क्षमा ही आपली कोळपणी आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची हन्ना (लूक २:३६-३८) मंदिरात उपवास व प्रार्थना करीत राहिली आणि बाळ येशूचे दर्शन तिला घडले.

तथापि, ओल साठण्याइतकाही पाऊस न पडणारी वर्षे येतात. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी खडी फोडून, पाझर तलावांच्या कामांवर राबून दिवस काढले. त्यांची श्रद्धा कमी पडली म्हणून पाऊस आला नाही, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. स्तोत्र १३ मध्ये भक्त देवाला ‘किती काळ?’ असे विचारतो आणि तरीही त्याच्यावरच भरवसा ठेवतो. असा आक्रोश हीदेखील प्रार्थनाच होय. ज्याची ओल आटली आहे, त्याला धीराचा उपदेश करण्यापूर्वी त्याच्या घरी जाणे, त्याच्या चुलीची विचारपूस करणे हे धर्मग्रामाचे कर्तव्य ठरते.

आगमनकाळात ज्वारी रानात उभी असते. दाणा अजून भरायचा असतो. उपवासकाळाच्या सुमारास तिची काढणी होते. दाणा भरविणे परमेश्वराच्या हाती आहे, कोळपे मात्र त्याने आपल्या हाती दिले आहे. प्रतीक्षा करणाऱ्या सर्वांना प्रभू बळ देवो आणि त्यांना सोबत करण्याची बुद्धी आपणांस लाभो.