मूव्ह ऑर्डर, हाउसबोट आणि एक खून



इतिहासाची साधनं म्हटली की आपण बखरी, तहनामे, युद्धाचे अहवाल, आत्मचरित्रं मोजतो. वाचनालयाच्या खालच्या फळीवर पडलेल्या, कव्हर फाटलेल्या प्रेमाच्या आणि खुनाच्या कादंबऱ्या त्या यादीत कुणी धरत नाही. आज मी त्यांच्याबद्दलच बोलणार आहे. मला त्या आवडतात म्हणून तर खरंच, पण त्या आपल्या विषयाच्या आहेत म्हणूनही.

इंग्रजीत या प्रकाराला रोमँटिक सस्पेन्स म्हणतात. साचा ठरलेला. एक तरुण मुलगी ओळखीपाळखीचं फारसं कुणी नसलेल्या दूरच्या ठिकाणी येते. तिथे एक मृत्यू होतो. आसपासचे लोक सभ्य, हसतमुख, चहाला बोलावणारे. त्यांतलाच एक खुनी. ज्याच्यावर तिचं मन बसतंय तोच तर तो नसेल, ही धाकधूक शेवटच्या प्रकरणापर्यंत. आपल्या बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेत वाचकाला धीर असतो, कारण झुंजार येणार, नाहीतर धनंजय आणि छोटू येणार. इथे तसं कुणी येत नाही. कुणावर विश्वास ठेवायचा, हे त्या मुलीला एकटीला ठरवायचं असतं.

दुसऱ्या महायुद्धानंतरची वीस वर्षं हा या प्रकाराचा बहराचा काळ. मेरी स्टुअर्ट यांची 'द मून-स्पिनर्स' (1962) क्रीट बेटावर घडते, 'धिस रफ मॅजिक' (1964) कॉर्फूवर, 'द गॅब्रिएल हाउंड्स' (1967) लेबननमध्ये. ही पुस्तकं आजही छापली जातात. का? नेहमीचं उत्तर असं, की युद्धानंतरचं इंग्लंड थंड, काटकसरीचं आणि कंटाळलेलं होतं. तिथलं अन्नधान्याचं रेशनिंग 1954 मध्ये उठलं. अशा वाचकाला घरबसल्या ऊन, समुद्र आणि लिंबाच्या बागा मिळाल्या. उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. त्याने ही पुस्तकं तेव्हा लंडनमध्ये का खपली ते कळतं. आज इंदूर, बडोदा किंवा बेळगावच्या वाचकाला ती का धरून ठेवतात ते कळत नाही. ऊन आपल्याकडे भरपूर आहे.

माझं उत्तर एका लेखिकेच्या आधाराने सांगतो. मेरी मार्गरेट के, पुस्तकांवर एम. एम. के. जन्म 1908 चा, सिमल्याचा. वडील सर सेसिल के हिंदुस्थानी फौजेतले आणि पुढे सरकारच्या गुप्तवार्ता खात्यातले मोठे अधिकारी. लहानपणी ही मुलगी आयांच्या संगतीत हिंदुस्तानी बोलत वाढली. 1857 चा मोठा इतिहास लिहिणारे सर जॉन के याच घराण्यातले. सावरकरांनी लंडनमध्ये बसून '1857 चे स्वातंत्र्यसमर' लिहिलं तेव्हा ज्या इंग्रज इतिहासकारांचे ग्रंथ पालथे घातले आणि त्यांच्यावरच उलटवले, त्यांत हे के होते. हे नातं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांचे पती गॉफ हॅमिल्टन हे गाइड्स या नामांकित पलटणीचे अधिकारी. फाळणीत गाइड्स पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि हॅमिल्टन ब्रिटिश फौजेत दाखल झाले. त्यानंतर सुरू झालं ते फौजी संसाराचं रहाटगाडगं: 19 वर्षांत 27 वेळा घर बदललं. ऐकणाऱ्यांत जी फौजी कुटुंबं असतील ती हा आकडा ऐकून हसतील. माझ्या नोकरीत आम्ही 17 घरं बदलली, आणि पडदे कुठल्याच खिडकीला बरोबर बसले नाहीत.

आता बाईंच्या रहस्यकादंबऱ्यांची यादी बघा. काश्मीर, बर्लिन, सायप्रस, केनिया, झांझिबार, अंदमान. पर्यटन कंपनीच्या जाहिरातीसारखी वाटते ना? मला ती बदल्यांच्या यादीसारखी वाटते. काही ठिकाणी त्या नवऱ्याच्या बदलीमुळे पोहोचल्या, काही ठिकाणी त्यापूर्वीच, इंग्रज अधिकाऱ्यांच्या घरची पाहुणी म्हणून. साम्राज्याने जिथे छावणी टाकली होती तिथेच त्यांच्या कथा घडल्या. आणि फौज बहुधा जिथे काहीतरी बिघडलेलं असतं किंवा बिघडणार असतं, तिथे असते.

तारखा लावून पाहू. बर्लिनची कादंबरी 1955 ची; 1961 च्या ऑगस्टमध्ये त्या शहरात भिंत उभी राहिली. सायप्रसची 1956 ची, कथानक मात्र 1949 च्या शांत दिवसांतलं. छापून आली तेव्हा तिथे इंग्रजांविरुद्धचा सशस्त्र लढा सुरू होऊन वर्ष झालं होतं, आणि 1974 मध्ये बेटाचे दोन तुकडे झाले. केनियाची 1958 ची. माउ माउ बंडासाठी 1952 मध्ये पुकारलेली आणीबाणी तेव्हा उठलेली नव्हती. झांझिबारची 1959 ची. 1964 च्या जानेवारीत तिथे क्रांती झाली, सुलतान पळाला आणि अरबांबरोबर तिथले हिंदी व्यापारीही देशोधडीला लागले. या बाईंनी जिथे जिथे खुर्ची टाकून लिहिलं, ते ते ठिकाण थोड्या वर्षांत आधीसारखं राहिलं नाही.

म्हणून या कादंबऱ्यांतलं ठिकाण नुसता देखावा नाही. कथेतली भीती ठिकाणातूनच येते. खुनी कोण हा प्रश्न 250 पानांत सुटतो. त्याच्या मागे दुसरी एक भीती चालू असते, की हे घर, ही बाग, ही संध्याकाळ किती दिवसांची? नायिकेला ते माहीत नसतं. आपल्याला माहीत असतं.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. काश्मीरची कादंबरी 1953 मध्ये 'डेथ वॉक्ड इन काश्मीर' या नावाने आली. ऐंशीच्या दशकात 'डेथ इन काश्मीर' म्हणून पुन्हा निघाली. कथा सुरू होते 1947 च्या आरंभी, गुलमर्गच्या बर्फात. इंग्रजांच्या स्की क्लबचा शेवटचा मेळावा. राज्य आवरायला घेतलंय हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी दिवसा खिलनमर्गच्या उतारावर स्की आणि रात्री हॉटेलात नाच चालूच आहे. एक बाई बर्फात मेलेली सापडते. अपघात, असं सगळे म्हणतात. मग एका चांदण्या रात्री सारा पॅरिश या नायिकेला आवाजाने जाग येते आणि ती शेजारच्या खोलीचं दार ठोठावते. दार उघडणाऱ्या मुलीच्या हातात पिस्तूल असतं. पुढची गोष्ट सांगत नाही. ती श्रीनगरच्या एका हाउसबोटीवर जाऊन संपते.

मी हे पुस्तक गुलमर्गलाच वाचलं, लष्कराच्या कोर्सवर असताना. दिवसभर त्याच उतारांवर धडपडायचं आणि रात्री बुखारीजवळ बसून पानं उलटायची. तेव्हा जे जाणवलं ते नकाशा आणि तारखा यांच्यामुळे. कथेतल्या मेळाव्यानंतर नऊ-दहा महिन्यांत, 22 ऑक्टोबर 1947 ला टोळीवाले मुझफ्फराबादेत शिरले. भारतीय लष्करी इतिहासात त्या आक्रमणाच्या योजनेचं नाव काय नोंदलंय? 'ऑपरेशन गुलमर्ग'. 27 ऑक्टोबरला पहिल्या शीख पलटणीचे जवान श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरले आणि त्यांचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशी बारामुल्ल्याजवळ कामी आले. बारामुल्ल्याच्या मिशन हॉस्पिटलात लेफ्टनंट कर्नल टॉम डाइक्स हा इंग्रज अधिकारी आणि त्याची पत्नी मारली गेली. कादंबरीतल्या इंग्रजांना वाटत होतं की धोका आपल्या हॉटेलातल्या एका माणसाकडून आहे. खरा धोका डोमेलच्या पुलावरून, ट्रकांत बसून येणार होता.

आणि ते स्कीचे उतार? 1948 च्या अखेरीस, मेजर जनरल थिमय्या यांच्या काळात, 19 इन्फंट्री डिव्हिजनने गुलमर्गला जवानांसाठी स्की स्कूल काढलं. आजचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल, म्हणजे आमचं 'हॉज', ते हेच. साहेबांच्या करमणुकीचे उतार सियाचेनवर जाणाऱ्या जवानांच्या शिक्षणाला लागले. हेच थिमय्या पुढे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख म्हणून सायप्रसला गेले आणि 1965 मध्ये तिथेच वारले. बाईंच्या यादीतली दोन गावं एका भारतीय सेनापतीच्या सेवापुस्तकातही आहेत. हा निव्वळ योगायोग नाही. फौजा एकाच प्रकारच्या गावांना जातात.

आता अंदमान. तिथली कादंबरी 'नाइट ऑन द आयलंड' या नावाने 1960 मध्ये निघाली. पुढे तिचं नाव 'डेथ इन द अंदमान्स' झालं. बाई 1930 च्या दशकात मैत्रिणीकडे, चीफ कमिशनरच्या मुलीकडे, रॉस बेटावर राहायला गेल्या होत्या. कथा तिथलीच: नाताळ, पाहुण्यांनी भरलेलं गव्हर्न्मेंट हाउस, वादळाने तुटलेला संपर्क, आणि मृत्यू. रहस्यकथा म्हणून फर्मास.

पण मराठी वाचकाला अंदमान म्हटलं की गव्हर्न्मेंट हाउस आठवत नाही. सेल्युलर जेलच्या सात रांगा आठवतात, कोलू आठवतो, 'माझी जन्मठेप' आठवतं. सावरकर 1911 ते 1921 तिथे होते. ज्या दशकात बाई रॉसवर पाहुणी होत्या त्याच दशकात, 1933 आणि 1937 मध्ये, राजकीय कैद्यांनी उपोषणं केली. 1933 च्या उपोषणात महावीर सिंग, मोहित मोइत्रा आणि मोहन किशोर नामदास यांचा अंत झाला. रॉसवरून समोर पाहिलं की पोर्ट ब्लेअर दिसतं, मधे चिंचोळं पाणी. अलीकडे के घराण्यातली लेखिका बेट जगापासून तुटल्याची भीती रंगवते. पलीकडे, जॉन के यांचे ग्रंथ उलटे वाचून दाखवणारा माणूस तिच्या आधी दहा वर्षं तशाच तुटलेपणात राहून गेलेला. तिच्या नायिकेसाठी वादळ एका रात्रीचं होतं. पलीकडच्यांसाठी ते जन्मठेपेचं होतं.

मग ही पुस्तकं टाकून द्यायची का? हा प्रश्न मला तरुण अधिकारी विचारतात, आणि तो रास्त आहे. केनियाच्या कादंबरीत बंड दिसतं ते गोऱ्या मळेवाल्यांच्या व्हरांड्यातून. सरकारने त्या आणीबाणीत हजाराहून अधिक लोकांना फाशी दिलं, त्यांच्या घरातली रात्र कशी गेली हे त्या व्हरांड्यातून दिसणं शक्य नव्हतं. काश्मीरच्या गोष्टीतही नावाडी, खानसामा, हॉटेलचा नोकर येतात आणि जातात. त्यांना नाव असतं, पण उद्या नसतो.

गंमत अशी, की ही उणीव आणि या पुस्तकांची पकड एकाच गोष्टीतून येतात. नायिका घाबरते, कारण तिला आजूबाजूच्या माणसांची भाषा येत नाही, दिवाणखान्यातली पाचसहा इंग्रज माणसं एवढंच तिचं जग. तिला नावाड्याशी चार शब्द बोलता आले असते तर निम्मं रहस्य तिसऱ्या प्रकरणातच सुटलं असतं! एका जमातीने दुसऱ्या जमातीत शंभर वर्षं राहूनही तिच्याशी बोलू नये, याचा इतका सच्चा दस्तऐवज सरकारी दप्तरात सापडणार नाही. केबाईंना स्वतःला मात्र ती भाषा येत होती आणि हा देश त्यांना आपला वाटत होता. 'द फार पॅव्हिलियन्स' (1978) हे त्यांचं मोठं पुस्तक दोन देशांत अडकलेल्या माणसाचंच आहे. मृत्यूनंतर त्यांच्या अस्थी उदयपूरच्या पिचोला तलावात सोडल्या गेल्या. ज्या देशातून तिचं राज्य गेलं, त्याच देशात तिला परत यायचं होतं. हे प्रेम मी खोटं मानत नाही, आणि त्या प्रेमाला समोरचा तुरुंग दिसला नाही, हेही विसरत नाही.

उलट्या बाजूचं एक उदाहरण देतो. 'रेबेका' (1938) या प्रकारातली सर्वांत गाजलेली कादंबरी. आपल्याकडे 'कोहरा' (1964) हा हिंदी चित्रपट तिच्यावरूनच निघाला. ती सगळी इंग्लंडातल्या एका वाड्याभोवती फिरते. पण डॅफ्ने द्यू मोरिए यांनी ती लिहायला घेतली इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात, कारण त्यांचे पती, ग्रेनेडिअर गार्ड्सचे अधिकारी, तेव्हा तिथे बदलीवर होते. वाळूत बसून तिने कॉर्नवॉलच्या धुक्याचं, समुद्राचं चित्र रंगवलं. म्हणजे इथेही मुळाशी बदलीच. घरापासून तुटलेली बाई, अनोळखी क्वार्टर, नवऱ्याच्या जगात आपण कोण हा प्रश्न. रेबेकाच्या नायिकेला स्वतःचं नावसुद्धा दिलेलं नाही. कॅन्टोन्मेंटमधल्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं 'मेजरसाहेबांच्या मिसेस' म्हणूनच ओळखल्या जातात, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

माझी शिफारस अशी. सुरुवात काश्मीरपासून करा, मग अंदमान. जवळ नकाशा ठेवा आणि पुस्तकाच्या आतल्या पानावर पेन्सिलीने दोन साली लिहा: गोष्ट कधी घडते, आणि त्या गावाचं पुढे काय झालं. अंदमान वाचून झालं की लगेच 'माझी जन्मठेप' काढा. एकाच बेटाकडे दोन किनाऱ्यांवरून बघणं होईल.

आणि एक मागणं, विशेषतः आमच्या फौजी घरांतल्या लेकीसुनांकडे. लेह, तवांग, तेजपूर, पोर्ट ब्लेअर, नलिया. या गावांत मराठी संसार ट्रंकांवर चादर टाकून उभे राहिले आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा बांधले गेले. तिथलं एकटेपण, वीज गेलेली रात्र, नवरा पुढच्या चौकीवर, आणि दारावरची थाप, हे तुम्हाला माहीत आहे. तिथल्या माणसांशी तुम्ही बोललाही आहात, त्यांच्या घरी जेवला आहात. त्या गावांच्या गोष्टी मराठीत लिहा. नावाड्याला त्यात पुरतं माणूस करा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.