चाकरी सरकारची, भाकरी गावाची

मूळ इंग्रजी राज्यघटना उघडा आणि कलम २३ वाचा. त्यात 'बेगार' हा शब्द चक्क तसाच ठेवलाय, भाषांतर न करता. आपण त्याला वेठबिगार म्हणतो.

आपल्याकडं तिचं एक रूप होतं महार वतन. सांगावे पोचवायचे, अंमलदार आला की दिमतीला उभं राहायचं, साऱ्याची रक्कम कचेरीत न्यायची. रात्र-दिवस काही नाही. वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणालाही जुंपायचं. मोबदला? वाटण्या होऊन होऊन चिंधी झालेली जमीन, आणि गावकरी देतील ते बलुतं. आणि याला म्हणे 'वतन'!

१९२८ साली बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडलं. पुढच्या वर्षी ते मागं घ्यावं लागलं. कलम २३ लागू झालं १९५० ला, पण ही वतनं रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा.

१९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, किमान वेतनाहून कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. आपल्या भागातल्या वीटभट्टीवर रोज किती पडतो, कुणी विचारलंय का? माहीत असेल त्यांनी खाली लिहा.