'ईआर-पीआर पॉझिटिव्ह' आलं म्हणून घाबरू नका. स्तनाच्या कॅन्सरचा रिपोर्ट असा समजून घ्या

कोरोनापासून गावागावात 'पॉझिटिव्ह' या शब्दाची धास्ती बसली आहे. पॉझिटिव्ह म्हणजे वाईट आणि निगेटिव्ह म्हणजे सुटलो, असा सरळ हिशेब लोक लावतात. स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये मात्र हा हिशेब बऱ्याचदा उलटा असतो. मोबाईलवर रिपोर्टचा फोटो येतो, त्यात 'ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह' दिसतं आणि घरात रडारड सुरू होते. खरं तर उपचाराच्या दृष्टीने ती बहुतेक वेळा जमेची बाजू असते.

ईआर, पीआर म्हणजे काय?

बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन हार्मोन्स असतात. पाळी, गर्भधारणा, स्तनांची वाढ यांवर त्यांचा ताबा असतो. हे हार्मोन पेशीत जिथे जाऊन चिकटतं, त्या जागेला रिसेप्टर म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसं हार्मोन रिसेप्टरमध्ये बसतं आणि पेशीला वाढायचा निरोप मिळतो. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर म्हणजे ईआर आणि प्रोजेस्टेरॉनचा पीआर.

कॅन्सरच्या पेशींवर असे रिसेप्टर सापडले तर गाठ 'हार्मोन पॉझिटिव्ह'. म्हणजे ती गाठ हार्मोनच्या जोरावर वाढते आहे. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर काही तण पाटाच्या पाण्यावर पोसलेलं असतं. पाणी तोडलं की ते वाळतं. ज्या तणाला पाटाच्या पाण्याची गरजच नाही, त्याला दुसरा उपाय करावा लागतो. हार्मोन पॉझिटिव्ह गाठीचं पाणी गोळ्यांनी तोडता येतं. निगेटिव्ह गाठीवर त्या गोळ्या चालत नाहीत.

हे कधी कळलं?

१८९६ साली स्कॉटलंडमधील ग्लासगोचे डॉ. जॉर्ज बीटसन यांनी अंडाशय काढल्यावर काही बायकांच्या स्तनाच्या गाठी आक्रसतात, हे जगापुढे मांडलं. असं का होतं, हे तेव्हा माहीत नव्हतं. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यात शिकागोच्या एलवूड जेन्सन यांनी इस्ट्रोजेन रिसेप्टरचा शोध लावला, तेव्हा कारण कळलं. १९७० च्या दशकात टॅमॉक्सिफेन ही गोळी वापरात आली आणि अंडाशय न काढताही इस्ट्रोजेनची वाट अडवता येऊ लागली.

रिपोर्टमध्ये काय पाहायचं?

गाठीचा तुकडा काढून त्याची आयएचसी नावाची तपासणी होते. त्यात तीन गोष्टी असतात.

• ईआर आणि पीआर : १०० पैकी किती पेशींना रंग चढला, ते टक्क्यांत देतात. १ टक्का किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह धरतात. ईआर १ ते १० टक्के असेल तर त्याला 'लो पॉझिटिव्ह' म्हणतात, तिथे गोळीचा फायदा कमी असू शकतो. ८० किंवा ९० टक्के असेल तर गोळी चांगली लागू पडण्याची शक्यता जास्त. काही लॅब टक्क्यांबरोबर ८ पैकी गुण देतात. त्याला ऑलरेड स्कोअर म्हणतात.

• हर-टू : हा हार्मोनचा रिसेप्टर नाही, पेशीला वेगाने वाढवणारं एक प्रोटीन आहे. ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ आलं तर नक्की सांगता येत नाही, त्यासाठी फिश नावाची पुढची तपासणी करावी लागते. ती न करता उपचार ठरवणं योग्य नाही.

• तिन्ही निगेटिव्ह असतील तर त्याला 'ट्रिपल निगेटिव्ह' म्हणतात. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण १० ते १५ टक्के आहे. भारतातील अभ्यासांत ते त्याहून बरंच जास्त, ३० टक्क्यांच्या आसपास दिसलं आहे.

पेशंट बरा होणार का?

घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. उत्तर एकट्या ईआर-पीआरवर ठरत नाही. गाठ किती मोठी, काखेतल्या किती गाठींत आजार गेला, दुसऱ्या अवयवात पसरला का, पेशींची ग्रेड काय, हे सगळं जोडून पाहावं लागतं. लवकर सापडलेली लहान ट्रिपल निगेटिव्ह गाठ पूर्ण बरी होऊ शकते, तर उशिरा आलेली मोठी पॉझिटिव्ह गाठ अवघड जाते.

मात्र बाकी सगळं सारखं असेल तर हार्मोन पॉझिटिव्ह गाठ साधारण सावकाश वाढते आणि तिच्यावर एक जास्तीचं औषध हाती असतं. २० चाचण्यांतील २१ हजारांहून जास्त महिलांची माहिती २०११ साली एकत्र तपासली गेली. ईआर पॉझिटिव्ह असलेल्या ज्या महिलांनी सुमारे ५ वर्षे टॅमॉक्सिफेन घेतलं, त्यांच्यात या कॅन्सरने होणारे मृत्यू पुढच्या १५ वर्षांत जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले. ईआर निगेटिव्ह महिलांना गोळीचा फायदा दिसला नाही.

दोन्ही प्रकारांत आजार उलटण्याचा काळही वेगळा असतो. ट्रिपल निगेटिव्हमध्ये धोका पहिल्या ३ वर्षांत जास्त असतो आणि ५ वर्षांनंतर बराच उतरतो. हार्मोन पॉझिटिव्हमध्ये तो सुरुवातीला कमी असतो, पण २० वर्षांपर्यंत थोडा थोडा राहतो. म्हणून '५ वर्षे झाली, आता संपलं' म्हणून तपासणी सोडू नये.

हर-टू पॉझिटिव्ह गाठ पूर्वी फार वाईट समजली जायची. १९९८ साली अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या इंजेक्शनला मंजुरी मिळाली आणि चित्र पालटलं. आता भारतीय कंपन्याही ते बनवतात.

गोळी मध्येच सोडणं महागात पडतं

पाळी चालू असलेल्यांना साधारणपणे टॅमॉक्सिफेन देतात. पाळी गेलेल्यांना बहुतेक वेळा लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल देतात. कोर्स किमान ५ वर्षांचा, काहींना १० वर्षांपर्यंत. केमोच्या मानाने या गोळ्या पुष्कळ स्वस्त आहेत. तरीही 'आता बरं वाटतंय, कशाला गोळ्या' म्हणून अनेक जणी वर्षा-दोन वर्षांत सोडून देतात. गोळी बरं वाटण्यासाठी नसते, आजार परत उगवू नये म्हणून असते.

त्रास होतो, हेही खरं. अंगातून वाफा येणं, घाम, सांधे दुखणं, लेट्रोझोलने हाडं ठिसूळ होणं. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगावं, गोळी बदलून मिळू शकते. टॅमॉक्सिफेनवर असताना पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त गेलं, किंवा पायाला एकाएकी सूज आली, दम लागला, तर लगेच दवाखाना गाठावा. या काळात गरोदर राहू नये.

गाठ फेकू नका, सलाईनमध्ये ठेवू नका

गाठ तालुक्याच्या गावी काढली जाते आणि मोठ्या दवाखान्यात गेल्यावर कळतं की तपासायला तुकडाच नाही. कधी तुकडा असतो, पण नीट ठेवलेला नसतो. काढलेला तुकडा एका तासाच्या आत फॉर्मेलिनमध्ये बुडवावा लागतो आणि त्यात ६ ते ७२ तास राहावा लागतो. नुसत्या सलाईनमध्ये किंवा कोरड्या बाटलीत राहिला तर रिसेप्टर खराब होतात आणि पॉझिटिव्ह असलेली गाठ निगेटिव्ह दिसू शकते. मग त्या बाईला ज्या गोळीने फायदा झाला असता, तीच मिळत नाही.

लॅबमधून मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या. जमिनीच्या कागदांसारख्या जपून ठेवा. शंका असेल तर त्यावर दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा तपासणी करता येते. आजार उलटला तर शक्य असल्यास नवा तुकडा तपासावा, कारण रिसेप्टर बदललेले असू शकतात.

डॉक्टरांना हे विचारा

१. ईआर, पीआर किती टक्के? हर-टू किती?
२. हर-टू २+ असेल तर फिश केली का?
३. हार्मोनची गोळी लागेल का, किती वर्षे?
४. ब्लॉक कुठे आहेत, कधी मिळतील?
५. खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का? योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, त्यांच्याकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन चौकशी करा.

हा आजार पुरुषांनाही होतो. प्रमाण सुमारे १ टक्का, पण त्यातल्या बहुतेक गाठी हार्मोन पॉझिटिव्ह असतात. बाई असो की पुरुष, छातीत किंवा काखेत न दुखणारी गाठ लागली तर 'दुखत नाही ना' म्हणून थांबू नये. सुरुवातीला ही गाठ बहुधा दुखत नाहीच.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)