जाळें कापणारा हात

पस्तीस वर्षें मीं मुलांना इतिहास शिकविला. परंतु त्या इतिहासांत गलबतें आलीं तीं बहुधा तोफांसह आलीं, मासेमारीचीं कधीं आलींच नाहींत. सेवानिवृत्त होऊन कामोठ्यास राहावयास आलों, पनवेलच्या खाडीकांठीं जाऊं-येऊं लागलों, तेव्हां ही उणीव ध्यानीं आली. कोळ्याच्या जाळ्यालाहि इतिहास आहे. जो प्राणी धरावयाचा नसतो तोच पुष्कळदां त्यांत सांपडून मरतो. ही अजाणतां होणारी हत्या कमी कशी झाली, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आरंभ दूर दक्षिण महासागरांत करूं. तेथें ट्यूना मासा धरण्यासाठीं बोटी लांबच लांब दोर सोडतात. एकेक दोर कधीं कधीं शंभर किलोमीटरांपर्यंत जातो आणि त्यास हजारों गळ लटकतात. आमिष लावलेला गळ बोटीच्या पिछाडीस पडतो, तेव्हां बुडण्यापूर्वीं क्षणभर तरंगतो. तेवढ्यांत अल्बट्रॉस पक्षी झडप घालतो, गळ गिळतो आणि दोराबरोबर ओढला जाऊन बुडून मरतो. याच्या सर्वांत मोठ्या जातीचे पंख पसरले असतां तीन मीटरांहून अधिक भरतात. पण मादी दोन वर्षांतून एकच अंडें घालते व पिलूं नरमादी मिळून वाढवितात. एक मेला कीं पिलाचीहि आशा सरते. १९९१ सालीं टास्मानियांतील संशोधक निगेल ब्रदर्स यांनीं अंदाज प्रसिद्ध केला कीं, जपानी बोटींच्या गळांवर दरवर्षीं सुमारें ४४,००० अल्बट्रॉस मरतात.

नवल असें कीं, यावरील उपाय मच्छीमारांच्याच हातीं होता. दोर सोडतांना बोटीमागें उंचावरून एक दोरी ताणावयाची व तीस रंगीत फिती बांधावयाच्या. त्या फडफडल्या कीं पक्षी बिचकतात. ही युक्ति जपानी मच्छीमारांचीच. जपानी भाषेंत 'तोरी' म्हणजे पक्षी, म्हणून तीस 'तोरी दोरी' असें नांव पडलें. पक्ष्यानें आमिष खाल्लें तर मासा हुकतो, तेव्हां दया व व्यवहार येथें एकाच बाजूस होते. जोडीला दोरास वजन लावून गळ लौकर बुडविणें व दोर रात्रीं सोडणें हे उपाय आले. १९९१ पासून अंटार्क्टिक समुद्रांत असे नियम होऊं लागले; १९९९ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें सर्व देशांसाठीं आराखडा केला; २००४ सालीं अल्बट्रॉस-रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार अंमलांत आला. नामिबिया देशानें २०१५ सालीं तोरी दोरी सक्तीची केली, आणि तेथील लांब दोरांवर मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या शेंकडा ९८ नें घटली. त्या दोऱ्या वॉल्व्हिस बे बंदरांतील स्त्रिया तयार करूं लागल्या. पक्षी वांचले, आणि गरिबांच्या घरीं चार पैसेहि आले.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. अल्बट्रॉस येथें वसत नाहीं. पण प्रश्न तोच आहे. ऑलिव्ह रिडले कासव फुप्फुसांनीं श्वास घेतें. जाळ्यांत अडकून वर येतां आलें नाहीं तर तें पाण्यांतच गुदमरतें. मंडणगड तालुक्यांतील वेळास हें नाना फडणविसांचें गांव. तेथें २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र संस्थेनें ग्रामस्थांच्या साह्यानें कासवांचीं अंडीं राखलीं. परंतु किनाऱ्यावर राखलेलें पिलूं मोठें होऊन जाळ्यांत मेलें, तर त्या श्रमांचें फळ काय?

येथें कायदा आणि पोट यांची गांठ पडते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें समुद्री कासवांस आणि २००१ पासून व्हेल शार्क या प्रचंड माशास संरक्षण दिलें आहे. परंतु असा प्राणी गुरफटला तर त्यास जिवंत सोडण्यासाठीं बहुधा जाळें कापावें लागतें. खाडीकांठच्या एका वृद्ध तांडेलाशीं मी याविषयीं बोलत होतों. तो म्हणाला, "मास्तर, कासव देव आहे, हें आम्हांला शिकवायला नको. पण देवाला सोडून घरीं आल्यावर फाटक्या जाळ्याचे पैसे कोण देतो?" मला उत्तर सुचलें नाहीं. मीं शिकविलेल्या धड्यांत दया पुष्कळ होती. दयेचा खर्च कोणीं सोसावा, हा हिशेब नव्हता.

तो हिशेब गुजराथेनें आधीं मांडला. तेथें व्हेल शार्कची शिकार होत असे. २००४ सालीं मोहीम निघाली. मोरारी बापूंनीं त्या माशास माहेरीं येणाऱ्या लेकीची उपमा दिली. आणि जाळें कापून त्यास सोडणाऱ्या मच्छीमारास भरपाई मिळूं लागली. डिसेंबर २०१८ मध्यें महाराष्ट्र शासनानेंहि तसाच निर्णय केला. संरक्षित सागरी प्राणी सोडतांना जाळ्याचें नुकसान झाल्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यावयाची ठरली. त्यासाठीं सुटकेचीं छायाचित्रें अर्जास जोडावीं लागतात. पूर्वीं जो खलाशी मुकाट्यानें सुरी चालवी, त्याच्या उपकाराची अशी सरकारदरबारीं नोंद होऊं लागली.

तथापि भरपाई म्हणजे अपघातानंतरची मलमपट्टी होय. प्राणी अडकूंच नये, हें अधिक चांगलें. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनें ट्रॉलरच्या जाळ्यांत बसविण्याजोगी एक चौकट तयार केली. तींतून कोळंबी मागें राहते व कासव बाहेर निसटतें. पण त्याच वाटेनें थोडी मासळीहि जाते, या भयानें ती सर्वत्र रुळली नाहीं. आणि २०१९ सालीं अमेरिकेनें भारताची समुद्रांतील कोळंबी घेण्याचें बंद केलें. तोरी दोरीनें मच्छीमाराचें आमिष वांचविलें, म्हणून ती त्याला आपली वाटली. ही चौकट त्याच्या पदरचें कांहीं नेईल असें त्याला वाटतें. हा फरक ओळखल्यावांचून नुसत्या सक्तीनें काम भागणार नाहीं.

श्रोतेहो, आपण शहरांत राहणारे लोक कासवाची गोष्ट कौतुकानें ऐकतों, आणि दुसऱ्याच दिवशीं बाजारांत कोळणीशीं दहा रुपयांसाठीं हुज्जत घालतों. तिच्या घरचें जाळें कोणत्या प्राण्यासाठीं कापलें गेलें असेल, हें आपणांस ठाऊक नसतें. पुढील वेळीं भाव करण्यापूर्वीं तिला एकदां विचारून पाहा.