निबंधात संतांचं उदाहरण दिलं तर मार्क जातात का?

गेवराईत अभ्यासिकेबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेलात, तर हा प्रश्न हमखास कानावर पडेल. घरात हरिपाठ, गावात सप्ताह, तालुक्यात गोदाकाठची तीर्थं. इथल्या पोरांना सॉक्रेटिसच्या आधी तुकोबा माहीत असतात. पण निबंध लिहायला बसलं की कुणीतरी सांगतं, "देवाधर्माचं लिहू नको, तपासणारा मार्क कापतो." मग पोरगं माहितीतलं उदाहरण सोडतं आणि पाठ केलेलं परदेशी वाक्य लिहितं.

खरंच मार्क कापतात का? सोप्या भाषेत समजून घेऊया.

हा प्रश्न आत्ताच का?

राज्यसेवा मुख्य परीक्षेचे बहुतेक पेपर आधी बहुपर्यायी होते. आता ही परीक्षा यूपीएससीच्या धर्तीवर वर्णनात्मक झाली आहे. हा बदल २०२३ पासून होणार होता. त्याविरोधात पुण्यात मोठं आंदोलन झालं आणि नवी पद्धत २०२५ वर गेली.

नव्या रचनेत निबंधाचा पेपर २५० मार्कांचा आहे. यूपीएससीतही तो २५० चाच: तीन तास, दोन निबंध, प्रत्येकी १२५ मार्क. दोन्हीकडे मराठीत लिहिता येतं. शिवाय सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर नीतिमत्तेचा. यूपीएससीच्या त्या अभ्यासक्रमात थोर नेते, सुधारक आणि प्रशासकांच्या जीवनातून मिळणारे धडे थेट नमूद आहेत. गाडगेबाबा किंवा बुद्ध या यादीत बसत नाहीत, असं कोण म्हणेल?

म्हणजे बंदी नाही?

नाही. पण एक नियम पक्का आहे. उत्तरपत्रिकेवर तुमची ओळख पटेल अशी कोणतीही खूण चालत नाही. पानाच्या वर 'श्री' किंवा 'ॐ' लिहायची सवय, शेवटी देवाचा जयजयकार, तपासणाऱ्याला विनंती, हे सगळं टाळा. मुखपृष्ठावरच्या सूचना आधी वाचा. विषयाच्या ओघात एखाद्या संतावर लिहिणं ही वेगळी गोष्ट आहे, त्यात या नियमाचा भंग होत नाही.

अमेरिकेतल्या सॅट परीक्षेत २००५ साली निबंध आला. २५ मिनिटांत भूमिका मांडायची आणि वाचनातली किंवा अनुभवातली उदाहरणं द्यायची. दोन परीक्षक १ ते ६ मध्ये गुण द्यायचे. पुढे या निबंधाचं स्वरूप बदललं आणि २०२१ मध्ये तो बहुतेकांसाठी बंद झाला. पण निकष तिथेही तोच होता: उदाहरण मुद्द्याला लागतं का?

मग मार्क जातात कुठे?

१. स्तुतीत. "संत एकनाथ महाराज अत्यंत थोर, दयाळू व महान होते" या वाक्यातून मुद्दा पुढे जात नाही. त्याऐवजी हे पाहा: पैठणच्या एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती ताडून शुद्ध पाठ तयार केला. विषय ज्ञान, भाषा किंवा प्रामाणिकपणा असेल, तर हे एक वाक्य पुरेसं आहे.

२. चमत्कारात. रेड्यामुखी वेद, पाण्यात तरलेली गाथा या श्रद्धेच्या गोष्टी आहेत. घरात त्यांचा मान ठेवा, पण निबंधात पुरावा म्हणून त्या टिकत नाहीत, कारण वाचणाऱ्याची श्रद्धा तुमच्यासारखीच असेल असं नाही. कथा वापरायचीच असेल तर "परंपरेत अशी कथा सांगितली जाते" असं लिहा. काशीची कावड तहानलेल्या गाढवाला पाजणारे एकनाथ अशा वाक्यात शोभतात.

३. व्हॉट्सॲपच्या सुविचारात. बुद्ध आणि विवेकानंदांच्या नावावर रोज नवी वाक्यं फिरतात. मूळ ग्रंथ माहीत नसेल तर अवतरणचिन्ह टाकूच नका, आशय आपल्या शब्दांत सांगा.

४. एकाच रंगात. चारही उदाहरणं एकाच परंपरेतली असली की निबंध प्रवचनासारखा वाटतो. मराठीत पर्याय कमी नाहीत: 'योगसंग्राम' लिहिणारे शेख महंमद, गोव्यात 'क्रिस्तपुराण' रचणारे फादर स्टीफन्स, गंगाखेडच्या जनाबाई. आणि गेवराई तालुक्यातलंच पांचाळेश्वर महानुभावांचं मोठं तीर्थ आहे. चक्रधरांनी स्त्रियांना शिष्य केलं आणि मराठीतून उपदेश केला. त्यांच्या आठवणींचं 'लीळाचरित्र' मराठी गद्याच्या आरंभीच्या ग्रंथांत मोजलं जातं.

एक परिच्छेद करून पाहूया

यूपीएससीने २०१८ मध्ये साधारण असा विषय दिला होता: रूढ नीती आधुनिक जीवनाला मार्गदर्शक ठरू शकत नाही. त्यावर असं लिहिता येईल:

"चोखामेळा विठ्ठलाचे भक्त होते, पण जातीमुळे त्यांना मंदिरात जाता आलं नाही. चौदाव्या शतकात त्यांचं निधन झालं. त्यांची समाधी पंढरपुरात मंदिराच्या पायरीशी आहे. ते मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. म्हणजे रूढी सहाशे वर्षं नीती म्हणून टिकली. पण तिला प्रश्न विचारणारा आवाजही त्याच परंपरेतून आला होता."

या परिच्छेदात संत आहेत, साल आहे, स्थळ आहे. शेवटच्या दोन वाक्यांनी उदाहरण विषयाला जोडलं. परंपरेची चूक आणि ताकद दोन्ही आली. नास्तिक परीक्षकही यावर हरकत घेणार नाही आणि वारकऱ्यालाही ते खुपणार नाही.

जातीचा मुद्दा टाळायचा का?

बीडमध्ये हा प्रश्न नाजूक आहे. इथे संताचं किंवा गडाचं नाव घेतलं की लोक लिहिणाऱ्याची जात शोधतात. तीच भीती पोरं परीक्षेत घेऊन जातात. उपाय सोपा आहे: नावाआधी काम लिहा. गाडगेबाबांनी खराटा घेऊन गावं झाडली आणि धर्मशाळा बांधल्या. राज्याने २००० मध्ये सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव आहे. स्वच्छता, प्रशासन, लोकसहभाग, कुठल्याही विषयात हे बसतं आणि त्यातून लिहिणाऱ्याची जात कळत नाही.

शेवटी काय लक्षात ठेवायचं?

संताचं नाव लिहिण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. त्यांनी नेमकं काय केलं? ते मला कुठून माहीत आहे? विषयाशी त्याचा संबंध काय? तिन्हींची उत्तरं असतील तर बिनधास्त लिहा.

ऊसतोडीला गेलेल्या आईबापाच्या पोराला कर्जावर निबंध आला, तर १६३० च्या दुष्काळात होरपळलेले आणि परंपरा सांगते तसे आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडणारे तुकोबा त्याला आठवणारच. त्याच्या शेजारी आजची उचल कशी फिटते, किंवा का फिटत नाही, हे त्याने लिहिलं तर तो परिच्छेद कुठल्याच गाईडमध्ये सापडणार नाही. मार्क अशाच परिच्छेदाला मिळतात.